मोहरीतून पाऊल जातं, पोटरी जात नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या आरोग्य पुरवणीत लायपोसक्शनवरचा लेख वाचला. लेख सोपा होता, चित्रंही समजतील अशी होती. पण शेवटी लेखकाने म्हटलं आहे की चरबी ओढून काढण्याची ही शस्त्रक्रिया ‘निव्वळ हौसेची’ आहे आणि व्यायामाचा कंटाळा असलेल्यांनी हा आडमार्ग धरू नये. तिथे माझी सुई अडकली. गेल्या दोन वर्षांत माझ्या पायांवर ही शस्त्रक्रिया तीनदा झाली आहे. व्यायामाचा मला कंटाळा आहे, ते मी नाकारत नाही. पण शस्त्रक्रिया त्यासाठी झाली नाही, ती झाली लिपेडिमा नावाच्या दुखऱ्या चरबीच्या आजारासाठी.

मी शिवणकाम करते, २६ वर्षं झाली. त्यामुळे माणूस मला आधी आकड्यांत दिसतो आणि मग चेहऱ्यात. गिऱ्हाइकांच्या मापांच्या वहीत शेवटचं पान माझं आहे. पहिल्या शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीची नोंद अशी आहे: कंबर ३१, सीट ४७, मांडी २८, पोटरी साडेअठरा, घोटा ९. कुठल्याही टेलरला हे आकडे वाचून दाखवा. तो म्हणेल, बाई, दोन गिऱ्हाइकांची मापं एका ओळीत लिहिलीत. माझी पँट मीच शिवते, कारण दुसऱ्या कुणाच्या बेतण्यात ती बसत नाही. मोहरी, म्हणजे पँटच्या पायाचा खालचा घेर, १४ इंच ठेवली तर पाऊल सुळकन जायचं आणि पोटरीला येऊन कापड थांबायचं. पोटरी जाईल एवढी मोहरी ठेवली तर घोट्याभोवती घागर लटकावल्यासारखं दिसायचं.

हे सुरू झालं तेराव्या वर्षी. पाळी आली आणि त्याच वर्षी मांड्या वाढल्या, वरचं अंग तसंच राहिलं. आईचेही पाय असेच आहेत. ती म्हणायची, आपल्या घराण्याचे पाय आहेत, त्याला काय करणार. बाळंतपणानंतर माझ्या पोटऱ्याही भरल्या. पावलं मात्र सडपातळच राहिली. घोट्याच्या वर मांस एकदम थांबायचं, जणू तिथे कुणी रबर बँड घातलाय. आपल्या लेखात चरबी म्हटली की फक्त आकार येतो म्हणून सांगते, आकाराचं मला फारसं नव्हतं. खुर्चीची कड मांडीला रुतली की कळ यायची. मशीनच्या टेबलाला गुडघ्याचा नुसता ओझरता धक्का लागला तरी दुसऱ्या दिवशी तिथे जांभळा डाग पडलेला असायचा. आमचं मांजर मांडीवर चढून झोपायची जागा करतं. तुम्ही मांजर पाळलं असेल तर माहीत असेल, आधी ते चारी पायांनी तुडवून घेतं. त्याचं ते तीन किलोंचं तुडवणं मला सहन व्हायचं नाही. मी त्याला हाकलायचे आणि घरातले म्हणायचे, हिला मुक्या जनावरांची माया नाही.

डॉक्टर पाच झाले. पाचही जणांनी वजन कमी करायला सांगितलं, एकाने तर मी खुर्चीत बसायच्या आत. मी केलंही. एका वर्षात ११ किलो उतरवलं. गाल बसले, गळ्याची हाडं दिसायला लागली, कंबर ३५ वरून ३१ वर आली. मांडीला टेप लावली तर फरक अर्धा इंच. तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली की इथे जे आहे ते माझ्या ताटातून आलेलं नाही. पण ही शंका मी बोलून दाखवली तेव्हा सहाव्या एका माणसाने (हे डॉक्टर नव्हते, आहारतज्ज्ञ होते) मला चोरून खाता का असं हसत हसत विचारलं.

नाव कळलं ते ४४व्या वर्षी, तेही गुडघेदुखीसाठी गेले असताना. तिथल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी पोटरीवर अंगठा रोवला आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. मग पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी कातडी चिमटीत धरून उचलून पाहिली, आपण कापडाचा पोत बघतो तशी. ती उचलली गेली. लसीकेचा, म्हणजे शरीरातल्या पेशींभोवतीच्या पाण्यासारख्या द्रवाचा, निचरा तुंबून येणाऱ्या सुजेत, म्हणजे लिम्फेडिमात, तिथली कातडी सहसा चिमटीत येत नाही आणि पाऊलही फुगतं. लोक हत्तीपाय म्हणतात तोही त्याच जातीचा. माझं पाऊल कोरडं ठणठणीत होतं. दोन्ही पाय सारखेच जाड, दाबलं की दुखतं, सहज काळंनिळं पडतं, उपास करून कमी होत नाही, पाळी-बाळंतपणाच्या सुमाराला वाढतं, घरात आणखी कुणाला आहे. बाईंनी सगळं विचारून घेतलं आणि म्हणाल्या, याला लिपेडिमा म्हणतात. यासाठी रक्ताची तपासणी नाही, सोनोग्राफीत शिक्का उमटत नाही. बघून, दाबून आणि ऐकून घेऊनच ओळखावा लागतो. ऐकून घेणं हीच तपासणी असलेला आजार मला झाला, हे माझं नशीब.

रडू वगैरे आलं नाही, राग आला. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या अ‍ॅलन आणि हाइन्स या डॉक्टरांनी या दुखण्याला नाव दिलं १९४० साली. तेव्हा माझ्या आईचाही जन्म व्हायचा होता. हे नाव माझ्यापर्यंत यायला तीन पिढ्या लागल्या! जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात, जे २०२२पासून लागू आहे, लिपेडिमाला स्वतःचा क्रमांकही आहे. पण क्रमांक असलेला आजार डॉक्टरांना आठवेलच असं नाही.

आधी शस्त्रक्रिया नाहीच केली, हेही त्या लेखकांना कळावं. आधी दाबमोजे झाले. त्यातही दोन प्रकार असतात आणि माझ्या धंद्यामुळे मला ते लगेच कळले. दुकानात तयार मिळतात ते गोल विणीचे, त्यांना शिवण नसते. ते मऊ असतात, पण बेढब पायावर वळीत रुततात. दुसरे सपाट विणीचे. ते मापाबरहुकूम पट्टीसारखे विणतात आणि मागे शिवून बंद करतात. घोटा, पोटरी, गुडघ्याखाली, मांडी, अशी ठिकठिकाणी टेप लावून माप घेतात. माझं माप घेणाऱ्या मुलीने टेप ढिली धरली होती, मी तिला दोनदा टोकलं. ते मोजे घालायला रोज सकाळी २० मिनिटं आणि रबरी हातमोजे लागायचे. शिवाय पाण्यातला व्यायाम आणि हलक्या हाताची लसीका-मालिश. आठ महिने नेमाने केलं. संध्याकाळचा जडपणा निम्म्यावर आला, गुडघ्यांना बरं वाटलं. मांड्यांची कळ मात्र राहिली.

मग सर्जन शोधायला निघाले. पहिल्याने, नाव सांगत नाही, टॅबलेटवर दुसऱ्या कुणाचे पाय दाखवले, आधीचे आणि नंतरचे. एका बैठकीत सगळं काढून देतो म्हणाला. ‘शेप मस्त येईल.’ दुखतं का, हे त्याने विचारलंच नाही. मी उठून आले. दुसऱ्याने पाऊण तास घेतला. दुखणं दहापैकी किती, असं विचारून लिहून घेतलं, हिमोग्लोबिन किती आहे ते पाहिलं, घरात कुणाच्या पायात रक्ताची गाठ झाली होती का ते विचारलं. आणि स्वतःहून सांगितलं, आजार जाणार नाही, त्रास कमी होण्याची शक्यता चांगली आहे, तीन टप्पे लागतील आणि टप्प्यांमध्ये महिने जातील. एकाच वेळी फार चरबी काढली तर अंगातल्या पाण्याचा आणि रक्ताचा तोल जातो. मला तो माणूस पटला. गिऱ्हाईक घाईला आलं तरी ट्रायल घेतल्याशिवाय शेवटची शिलाई न मारणारा.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी त्याने मला उभं केलं आणि मार्करने पायांवर रेघा मारल्या. उभं का, तर आडवं झालं की चरबी सरकते आणि मग माप चुकतं. मी म्हटलं, आम्हीही खडूने असंच करतो. तो हसला, पण हात हलू दिला नाही. नंतर कातडीखाली पाणी भरलं, कितीतरी लिटर. मिठाचं पाणी, त्यात बधिर करणारं लिडोकेन आणि रक्तवाहिन्या आवळणारं अ‍ॅड्रेनलिन. ही पद्धत जेफ्री क्लाइन या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञाने १९८७मध्ये मांडली. त्याआधी या शस्त्रक्रियेत रक्त फार जायचं. मला गुंगीचं औषध दिलं होतं, पण मी जागी होते. मांडी पाण्याने फुगून टणक झाली, ठोकली तर वाजेल अशी. मग काडीएवढी भोकं पाडून तीन-चार मिलिमीटर जाडीची बोथट नळी आत गेली. ती नळी हादरत आत-बाहेर होते, अगदी मशीनच्या सुईसारखी. आवाजही ओळखीचा. दुखत नव्हतं, आतून कुणी अस्तर ओढतंय असं वाटत होतं.

एक गोष्ट मात्र मी लक्ष देऊन पाहिली. नळी कायम पायाच्या लांबीनेच फिरत होती, घोट्याकडून वर, वरून घोट्याकडे. आडवी एकदाही नाही. नंतर विचारलं तर म्हणाला, लसीकेच्या बारीक वाहिन्या पायात उभ्या जातात. नळी उभी चालवली तर त्या बाजूला सरतात आणि आडवी चालवली तर तुटू शकतात. म्हणजे उभा धागा आणि आडवा धागा! कापड उभ्या धाग्यावर बेतलं नाही तर कपडा अंगावर फिरतो, हे मी नव्या मुलींना पहिल्या दिवशी शिकवते. इथे धागा चुकला तर पाय आयुष्यभर सुजतो. म्हणून ज्याला फक्त पोट-कमरेची सवय आहे त्याच्या हातात हे पाय देऊ नयेत, असं मी मला विचारणाऱ्या प्रत्येकीला सांगते.

नंतरचं आता. जाहिरातीत ते नसतं. भोकं शिवत नाहीत, पाणी वाहून जावं म्हणून. दोन दिवस गुलाबी पाणी झिरपत होतं. अंथरलेले पॅड किती बदलले, मोजले नाहीत. त्या रात्री तिथेच ठेवून घेतलं, कारण लिडोकेनचा अंमल काही तासांनी रक्तात चढतो आणि तेव्हा लक्ष ठेवावं लागतं. संध्याकाळीच चालायला लावलं, गाठ होऊ नये म्हणून पोटात इंजेक्शनं दिली. पहिल्यांदा उठले तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी सिस्टरच्या अंगावर कोसळले. दोन्ही पाय घोट्यापर्यंत वांग्याच्या रंगाचे झाले. मग आतून गाठी, टणकपणा, बधिरपणा, आणि तिसऱ्या आठवड्यात अशी खाज की टेपच्या पितळी टोकाने मोज्यावरून खाजवत बसायचे. मोजे रात्रंदिवस. दुसऱ्या खेपेला डाव्या मांडीत पाणी साठलं, ते सुईने दोनदा काढावं लागलं. तिथे आजही हाताला किंचित खळगा लागतो. माझ्या हाताला लागतो, दुसऱ्याच्या लागणार नाही. शिवणीतली चूक शिवणाऱ्यालाच दिसते.

तिन्ही वेळा मिळून साडेनऊ लिटर निघालं. यात चरबीबरोबर घातलेलं पाणीही असतं, म्हणून वजनकाट्याला सातच किलो कळले. ही वजन घटवण्याची शस्त्रक्रिया नव्हेच. त्याच दवाखान्यात एक बाई भेटल्या होत्या. त्यांनी आधी वजन घटवण्यासाठी पोटाची, बॅरिअॅट्रिक, शस्त्रक्रिया करून घेतली होती. चेहरा आणि कंबर दुसऱ्याच कुणाची झाली होती. पाय होते तिथेच होते, आणि दुखतही होते.

आता त्या ‘हौस’ शब्दाकडे येते, कारण तो नुसता शब्द नाही, तो फॉर्मवरचा चौकोन आहे. विम्याच्या अर्जावर लायपोसक्शनपुढे ‘कॉस्मेटिक’ असं आधीच छापलेलं होतं. मला टिक करायचीही तसदी नव्हती. दोन वेळा नकार आला, दोन्ही पत्रांत मजकूर तोच, दुसऱ्यात माझं आडनावही चुकीचं. सोबत जोडलेला आठ महिन्यांच्या मोज्यांचा आणि मालिशचा कागद कुणी उलटून पाहिल्याची खूण नव्हती. मी दुखण्याबद्दल लिहिलं होतं, त्यांनी दिसण्याबद्दल उत्तर दिलं.

दुसरीकडे काय आहे हे मी पुतण्याच्या मदतीने वाचून काढलं. जर्मनीत २०२०पासून तिथल्या सार्वजनिक आरोग्य विम्यात ही शस्त्रक्रिया फक्त आजाराच्या तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात वाढलेल्या टप्प्यासाठी घेतली, तीही तात्पुरती. मग अभ्यास लावला. काही स्त्रियांना शस्त्रक्रिया, काहींना मोजे-मालिश, वाटणी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी. त्याचे निकाल पाहून जुलै २०२५मध्ये सगळ्या टप्प्यांसाठी मान्यता दिली. पण सरसकट नाही. आधी सहा महिने मोजे वगैरे उपचार करून गुण आला नाही हे दाखवावं लागतं, वजन फार असेल तर आधी त्याचे उपचार. आणि आजार आहे असं सांगणारा डॉक्टर एक, शस्त्रक्रिया करणारा दुसरा. ही शेवटची अट मला फार आवडली. कापड विकणाऱ्याने किती मीटर लागेल ते सांगू नये. उलट इंग्लंडमध्ये उपचारांचा पुरावा तपासणाऱ्या नाइस या संस्थेने मार्च २०२२मध्ये सांगितलं की पुरावा अपुरा आहे, धोक्यांची काळजी वाटते, म्हणून ही शस्त्रक्रिया संशोधनाचा भाग म्हणूनच करावी. तेही मला चुकीचं वाटलं नाही. जर्मनीतल्याच एका दवाखान्याने ६० स्त्रियांची १२ वर्षांनी विचारपूस केली, तेव्हा दुखणं आणि काळंनिळं पडणं कमी झालेलं टिकून होतं. पण त्यात तुलनेला शस्त्रक्रिया न झालेल्या स्त्रिया नव्हत्या, आणि उत्तरं ज्यांची त्यांनीच दिलेली. माझ्यासारख्याच बायकांची. एवढा खर्च आणि हाल सोसल्यावर बरं वाटतंय म्हणायचा मोह होतो, हे मी स्वतःवरून सांगते. म्हणून माझ्या म्हणण्यापेक्षा माझी वही बघा.

वहीतलं शेवटचं पान, तिसऱ्या शस्त्रक्रियेनंतर ११ महिन्यांनी: कंबर ३१, सीट ४४, मांडी साडेचोवीस, पोटरी साडेपंधरा, घोटा ९. दुखणं तेव्हा दहापैकी सात लिहिलं होतं, आता दोन, थकवा असेल त्या दिवशी तीन. मोजे सुटलेले नाहीत. दिवसभर मशीनवर बसायचं असेल तर घालते, सुट्टीच्या दिवशी नाही. पाण्यातला व्यायाम आठवड्यातून दोनदा, कंटाळत कंटाळत. वजन वाढलं तर राहिलेली चरबी पुन्हा डोकं वर काढू शकते, हे सर्जनने प्रत्येक भेटीत ऐकवलं आहे. दंडांमध्येही थोडं आहे, तिथे अजून कुणाला हात लावू दिलेला नाही आणि बहुधा देणारही नाही. ती अंधारी विसरलेले नाही.

तेव्हा संपादक महोदय, माझं मागणं एवढंच आहे. त्या लेखकांनी पुढच्या वेळी लायपोसक्शनवर लिहिताना दोन ओळी या आजारासाठी ठेवाव्यात. आणि त्या दोन ओळींत ‘खात्रीशीर इलाज’ असंही लिहू नये, नाहीतर मला टॅबलेट दाखवणाऱ्याचा धंदा वाढेल. चरबी काढायची ती शोभेसाठी की कळ थांबवण्यासाठी, एवढं विचारून मग हौस म्हणावं. जागा कमी पडत असेल तर माझ्या पत्रातला विम्याचा भाग कापा, पण दुसऱ्या बोटाच्या चिमटीचं आणि घोट्यावरच्या रबर बँडचं कापू नका. माझी आई ७९ वर्षांची आहे. तिला मागच्या महिन्यात मी तसंच दाबून पाहिलं, तर म्हणाली, अगं दुखतं ना, लहानपणापासून दुखतं, सगळ्यांचंच दुखतं की.

आपली,
शिवणकाम करणारी एक वाचक